चेहऱ्यावर शिक्का मारू नये

माझ्या मुलीच्या लग्नात मी एकच काम अंगावर घेतलं होतं. पत्रिकांच्या पाकिटांना तिकिटं लावायची आणि ती पोस्टात टाकायची. हॉल वैजयंताने ठरवला, साड्या तिनेच घेतल्या, आचारी तिच्या भावाने आणला आणि जावई तर तेजश्रीने स्वतःच शोधला होता. शेवटी माझ्याकडे बघून वैजयंता म्हणाली, की तुम्ही निदान पत्रिका तरी पाठवा. त्या 'निदान'मध्ये आमच्या सगळ्या संसाराचं सार होतं, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

कारण टपाल हा माझा प्रांत. फोर्टातल्या एका औषध कंपनीच्या आवक-जावक विभागात मी सीनियर क्लार्क. देशभर कुठलं पाकीट कधी पोचेल हे मी न विचारता सांगतो, त्यामुळे ऑफिसात मला कुणी विचारत नाही. आता खरं सांगायचं तर आमच्याकडे फ्रँकिंगचं मशीन आहे. पाकीट एका बाजूने सारायचं, ते दुसऱ्या बाजूने लाल ठसा घेऊन बाहेर पडतं. तिकीट बोटात धरून चिकटवण्याचा प्रसंग नोकरीत कधी आलाच नाही. पण ही बारीकसारीक गोष्ट घरी सांगत बसण्यात काय अर्थ होता?

तिकिटं घरात तयार होती. ते बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. एप्रिलात त्यांचं तिकीट निघालं तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत रांगेत उभा राहून सबंध शीटं घेतली होती. एवढंसं तिकीट, पण बघत राहावं असं. पुढे बाबासाहेबांचा चेहरा, मागे सत्याग्रहाला निघालेली माणसं. मीरा रोडला पेणकरपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरी ती शीटं दाखवून झाली आणि मग वैजयंताने ती कपाटात बुद्धमूर्तीशेजारी ठेवून दिली. तिथून ती बाहेर काढायची कल्पना तेजश्रीची. ती भाईंदरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्या कल्पना म्हणजे सूचना असतात.

"पप्पा, माझ्या पत्रिकेवर हेच तिकीट हवं," ती म्हणाली, "आणि पहिली पत्रिका अण्णांना. अण्णा आले नाहीत तर मी हार घालणार नाही."

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, कोंडिराम. महाडच्या आत, डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे, तिथे ते असतात. वडील लवकर गेले, तेव्हा त्यांनी स्वतःची शाळा सोडली आणि माझी चालू ठेवली. मी आज जो काही सीनियर आहे तो त्यांच्यामुळे. लग्नात त्रिसरण-पंचशील त्यांनीच द्यायचं, हे तेजश्री फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ठरलेलं. पण अण्णा मानी. तोंडी बोलावण्यावर ते सख्ख्या साडूच्या मुलाच्या लग्नाला गेले नव्हते. रीतसर पत्रिका हवी आणि ती रीतसर पोस्टाने पोचायला हवी. म्हणजे बघा, वरवर तिकिटं चिकटवण्याचं हे काम, पण मुलीचं लग्न त्यावर अडकलं होतं.

मी जमिनीवर चादर अंथरली, पाकिटांचा गठ्ठा घेतला, पहिलं तिकीट फाडलं आणि जीभ बाहेर काढली.

"अहो!" वैजयंता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "बाबासाहेबांना थुंकी लावताय?"

माझी जीभ तशीच बाहेर राहिली. या बाजूने मी विचारच केला नव्हता. तिकिटाच्या मागच्या बाजूला गोंद असतो आणि गोंद ओला करायचा असतो, इथपर्यंतच माझं ज्ञान. पण तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना. मी जीभ आत घेतली आणि ऑफिसातून स्पंजची डबी आणायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी स्पंज आला. तो जरा जास्तच पाणी प्यायला असावा. तिकिटांचा गोंद धुऊन गेला आणि ती सुकताना द्रोणासारखी वळली. शेजारच्या अंबिकाबाई मदतीला आल्या. त्यांनी सांगितलं की असल्या कामाला भाताच्या खळीसारखं काही नाही. त्यांच्या लहानपणी गावात पतंगापासून पंचायतीच्या नोटिशीपर्यंत सगळं खळीने चिकटायचं. वैजयंताने खळ करून दिली, आम्ही तिघांनी मिळून पन्नासेक पाकिटं तयार केली आणि ती वाळायला कॉटखाली ठेवली. सकाळी बघतो तर झुरळांनी ती खळ पाकिटासकट खाल्लेली. गंमत म्हणजे तिकिटांना त्यांनी तोंड लावलं नव्हतं. वैजयंताने याचा जो अर्थ लावला तो मी खोडून काढू शकलो नाही.

नवी पाकिटं आणली. स्पंज पिळून पिळून, अगदी हलक्या हाताने काम पुन्हा सुरू झालं. एवढ्यात अंबिकाबाईंचे यजमान पंढरीनाथ वर्तमानपत्र मागायला आले. हे रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कुठलीही गोष्ट पुरती होत आली की तिच्यात काय चुकलंय हे त्यांना दिसतं. आमच्या टाकीत टँकरचं पाणी भरून झाल्यावर पाइप चुकीच्या टाकीत आहे हे सांगणारे तेच. त्यांनी एक पाकीट उचललं, चष्मा कपाळावर नेला, खाली आणला आणि म्हणाले,

"मर्चंडे, यावर पोस्टात शिक्का मारतात ना?"

"मारतात."

"कुठे मारतात?"

"तिकिटावर."

"म्हणजे तोंडावर."

वैजयंताने हातातलं तिकीट अलगद चादरीवर ठेवलं. माझ्या डोळ्यांपुढे पोस्टातला तो लाकडी मुठीचा शिक्का आला, शाईच्या गादीवर एक आणि पाकिटावर एक असा धपाधप चालणारा. आयुष्यभर हजारो तिकिटांवर तो पडलेला मी पाहिला होता. या चेहऱ्यावर पडलेला मला पाहवेना.

संध्याकाळी हा विषय आमच्या जिन्यावर निघाला, म्हणजे सगळ्या बिल्डिंगचा झाला. तिसऱ्या मजल्यावरचा संघर्ष तावातावाने खाली आला. हा तरुण, वकिलीचा अभ्यास करणारा, आमच्या विहाराच्या कार्यक्रमांत दर वेळी शेवटचं आणि सगळ्यात लांब भाषण याचं असतं. त्याचं म्हणणं, तिकीट वापरलंच पाहिजे. कपाटात ठेवून उदबत्ती ओवाळायची म्हणजे बाबासाहेबांना देव करणं, आणि तेच त्यांना नको होतं. मला पटलं. पंढरीनाथांचं म्हणणं, वापरायचं म्हणजे स्वतःच्या हाताने नेऊन शिक्क्याखाली धरायचं, हा कसला आदर? तेही पटलं. संघर्ष म्हणाला, मग सरकारने तिकीट काढलं तेच चुकलं का? पंढरीनाथ म्हणाले, काढलं ते बरोबर, पण मारतात ते चूक. दोघेही माझ्याकडे बघायला लागले, कारण पाकिटं माझी होती. मी म्हणालो, की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्यावर दोघेही माझ्यावरच चिडले.

मग सूचनांचा पाऊस पडला. तिकीट पाकिटाच्या मागे लावा. तिकीट मध्यभागी लावा आणि कोपऱ्यात शिक्क्यासाठी दुसरं साधं तिकीट लावा. तिकिटावर प्लास्टिक लावा. तळमजल्यावरच्या शालूताईंचं म्हणणं होतं की पत्रिका पोस्टाने पाठवूच नयेत, घरोघर जाऊन अक्षता द्याव्यात. त्यांना आमच्यात अक्षता नसतात हे सांगण्यात अर्धा तास गेला. मागे लावण्याची सूचना मी दोन पाकिटांवर करून पाहिली. ती नात्यातल्याच लोकांना गेली आणि बैरंग झाली. त्यांनी दुप्पट भुर्दंड भरून ती सोडवली आणि लग्नात आहेर देताना त्याची आठवण ठेवली.

शेवटी माझ्यातला आवक-जावक विभाग जागा झाला. तिकिटाचं डिझाइन मी भिंग लावून पाहिलं. चेहरा सगळं तिकीट व्यापत नाही, बाजूला जागा आहे. म्हणजे शिक्का मारणाऱ्याला नीट सूचना दिली, की प्रश्न मिटला. कुठल्याही कार्यालयीन अडचणीवर उपाय एकच असतो, तो म्हणजे रबर स्टँप. मी भाईंदर स्टेशनबाहेरच्या स्टँपवाल्याकडून मोठा ठसा करून घेतला. 'कृपया चेहऱ्यावर शिक्का मारू नये. बाजूला मारावा.' पुढे दिशा दाखवणारा बाण. स्टँपवाल्याने मजकूर दोनदा वाचला आणि हिंदीत विचारलं, की कुणाच्या चेहऱ्यावर? मी सांगितलं. तो म्हणाला, "साहब, मुझे क्या, मैं तो बना दूँगा." पण त्याच्या मनात माझ्याविषयी काहीतरी ठरलेलं दिसलं.

घरी येऊन मी सगळ्यांना बोलावलं. पंढरीनाथ आले, संघर्ष आला, वैजयंता पदराला हात पुसत आली. पाकीट सरळ केलं. तिकिटाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागेवर ठसा उमटवायचा, एवढंच. पण ठसा टेकवताना कोण कोण बघतंय ते पाहायला मी मान वर केली. ठसा सरकला, आणि चेहऱ्यावर शिक्का मारू नये ही माझी विनंती, जांभळ्या शाईत, बाणासकट, बरोबर चेहऱ्यावर उमटली.

संघर्ष तोंड फिरवून जिन्यात गेला. तो हसला की काय, मला कळलं नाही. पंढरीनाथांनी एवढंच विचारलं, की आता पोस्टाला काय सांगणार? वैजयंताने ते पाकीट ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला, मग ते कपाटात नेऊन ठेवलं. त्या दिवशी मला जेवायला कालचा भात मिळाला.

आता पोस्टातच जाऊन बोलणं भाग होतं. मीरा रोड स्टेशनाकडच्या आमच्या पोस्टातले पोस्टमास्तर अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बसवलं, ऐकून घेतलं आणि समजावलं. तिकिटावर शिक्का हवाच, नाहीतर तेच तिकीट माणूस सोडवून पुन्हा वापरेल. मी म्हणालो, बाबासाहेबांचं तिकीट सोडवून पुन्हा वापरणारा आमच्यात कोणी नाही. ते म्हणाले, तुमच्यात नसेल, पण नियम सगळ्यांना असतो. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना दया आली असावी. म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. मी तिथेच बसून लिहिलं. 'विषय' या शब्दापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'चेहरा' असं लिहिलं. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. असे अर्ज टेबलावर घेता येत नाहीत, ते पोस्टाने यायला लागतात. मी पाकीट विकत घेतलं. पण त्यावर तिकीट कुठलं लावायचं या प्रश्नावर मी बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो, आणि मागच्या लोकांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.

मागच्या दाराशी ह्युबर्ट उभा होता. हा चौक गावचा, उत्तनकडचा. शिक्के मारायचं टेबल त्याच्याकडे. घरची होडी आहे, पण याला लाटांवर मळमळतं म्हणून पोस्टात लागला. त्याने आतून सगळं ऐकलं होतं. त्याने मला खूण करून बोलावलं आणि हळूच म्हणाला, की त्याला कळतं. नाताळात फॉरेनवरून पत्रं येतात, त्यांच्यावर मरियेचं तिकीट असतं, आणि तिच्या तोंडावर तिकडच्यांनी काळं फासलेलं असतं. "मना बघवत न्हाय," तो म्हणाला. "सगली मजजवल द्या. मी कडं कडंनं मारीन."

आणि त्याने शब्द पाळला. एकेक पाकीट हातात घेऊन, जीभ दातांत धरून, शिक्क्याची नुसती कड त्याने तिकिटाच्या काठाला टेकवली. नियमही राहिला आणि चेहराही. मला इतकं भरून आलं की मी शेवटचं पाकीट पुढे केलं आणि सांगितलं, हे माझ्या थोरल्या भावाचं आहे, बापाच्या जागी आहेत. यावर काठालासुद्धा नको. ह्युबर्टने इकडेतिकडे पाहिलं, पाकीट शिक्का न मारता सरळ महाडच्या पिशवीत टाकलं आणि छातीवर क्रूस केला. मी मनातल्या मनात जय भीम म्हणालो. घरी येऊन वैजयंताला सांगितलं तेव्हा तिने त्या दिवशी गरम पोळी वाढली.

लग्नाला आठवडा राहिला आणि आमच्या दारात बबन उभा राहिला. बबन आमच्या गावचा, इथेच काशीगावला एका कारखान्यात कामाला. तो गावी जाऊन आला होता. पाणीही न घेता म्हणाला, "काका, अण्णा येत न्हायत."

मी मटकन स्टुलावर बसलो. बबनने जे सांगितलं ते असं. तो गावच्या दुकानावर बसला असताना पोस्टमन आला. दुकानाच्या पडवीतच गावचं पोस्ट. पोस्टमनने अण्णांचं पाकीट बबनच्या हातात दिलं, की तू तिकडेच चाललायस तर देऊन टाक. बबनने नेऊन दिलं. अण्णांनी पाकीट पाहिलं. तिकीट पाहिलं. त्यावर शिक्का नाही हे पाहिलं. मुंबईहून आलेला बबन समोर उभा. अण्णांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. भावाने पोस्टाने पाठवलीच नाही, तिकीट दाखवायला लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती टेकवली. बबनने शपथ घेऊन सांगितलं, तरी त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, पोस्टाने आली तर शिक्का कुठाय? आणि पाकीट न फोडता त्यांनी परत बबनच्या हाती दिलं.

बबनने ते खिशातून काढून टेबलावर ठेवलं. कोरं करकरीत तिकीट. बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर डागसुद्धा नव्हता. तेजश्री आतून आली, तिने पाकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला रडू आलं. मी आदर करायला गेलो तर भावाचा अनादर झाला, आणि तो टाळायचा तर आता आदराचं काय करायचं, हे माझं मलाच समजेना. पंढरीनाथ सांत्वनाला आले. म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं हे विचारायचं त्राण मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी पत्रिका, नवं पाकीट आणि नवं तिकीट घेऊन पोस्टात गेलो. वैजयंता बरोबर आली. मी ह्युबर्टला म्हणालो, यावर शिक्का मार. मधोमध. मीरा रोड हे नाव लांबून वाचता आलं पाहिजे.

ह्युबर्टने शिक्का उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "तुमीच सांगितलाव ना, मारायचा न्हाय," तो म्हणाला. "आता माजा हात उठंना." मी सगळं समजावून सांगितलं. बापाच्या जागी असलेला भाऊ, बबन, कोरं तिकीट. त्याने विचारलं, कडेला मारून भागणार नाही का? मी म्हणालो, अण्णांची नजर अधू आहे, कडेचा त्यांना दिसायचा नाही. खिडकीशी उभे असलेले लोक आत डोकावून बघू लागले. हाच तो माणूस जो शिक्का मारू नका म्हणून अर्ज घेऊन आला होता, असं कुणीतरी कुणाला सांगितलं. माझी आयुष्यभराची टपालातली अब्रू त्या टेबलावर होती. वैजयंताने डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाली, "भाऊ, मारा."

ह्युबर्टने मारला. इतका स्वच्छ शिक्का मी आवक-जावक विभागात कधी पाहिला नाही. गाव, तारीख, सगळं लख्ख, बरोबर मधोमध.

पण पाकीट वेळेत पोचेल याची आता मलाच खात्री वाटेना. वैजयंता म्हणाली, तुम्ही स्वतः जा आणि पाय धरा. मी म्हणालो, मी गेलो तर मीच बोलावणं हातात घेऊन गेल्यासारखं होईल. ती म्हणाली, मग दिसू नका. माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात मला दिलेली ही सगळ्यात अवघड सूचना होती. भावाकडे जायचं, पण दिसायचं नाही. तरीही मी निघालो.

महाडहून आमच्या गावाला जाणाऱ्या एस.टी.त ड्रायव्हरच्या मागे टपालाची पिशवी असते. त्यापलीकडच्या सीटवर मी बसलो. पिशवीत माझं पाकीट आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. कंडक्टरला विचारलं तर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गावात उतरून मी दुकानाच्या आडोशाला थांबलो. पिशवी फोडली गेली, आणि पोस्टमनच्या हातातल्या चार कागदांत मला आमच्या पाकिटाचा निळा कोपरा दिसला. मी धावत जाऊन त्याला गाठलं आणि हे पाकीट आज कुणाच्याही हाती देऊ नका, स्वतः द्या, अशी कळकळीची विनंती केली. तो म्हणाला, तुम्हीच त्यांचे भाऊ ना, मग तुम्हीच न्या की. मी हात जोडले. तो पुढे, मी बऱ्याच अंतरावर मागे, अशी आमची वरात वाडीकडे निघाली.

भातं कापून झाली होती. अण्णांच्या घरासमोर पेंढ्याची उडवी रचलेली होती, तिच्यामागे मी उकिडवा बसलो. ऑफिसची पँट होती, पण इलाज नव्हता.

पोस्टमन बांध ओलांडून अंगणात आला. "मर्चंडे, टपाल," त्याने हाक मारली. अण्णा बाहेर आले. त्यांनी पाकीट दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग वहिनीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. पोस्टमन ओट्यावर बसला, घटाघटा पाणी प्यायला आणि तांब्या खाली ठेवून निघून गेला. अण्णा तो जाईपर्यंत उभे होते.

"आमच्या लानपणी पोस्टमन बांधाच्या पल्याड उभा ऱ्हायचा," ते वहिनीला म्हणाले. वहिनीने हे पुष्कळदा ऐकलेलं असणार, पण ती ऐकत राहिली. "तिथनं आरोळी मारायचा आनि पत्र दगडाखाली ठेवून जायचा. मी पळत जायाचो. वाऱ्यानं उडालं की चिखलातनं काडायचं. बा म्हनायचा, एक दिस हा मानूस आपल्या दारात येईल."

मला हे कधीच माहीत नव्हतं. तेव्हा मी पाळण्यात असेन. मी उडवीमागे बसल्या जागी डोळे पुसत होतो. एवढ्यात अण्णांच्या कुत्र्याने मला शोधून काढलं आणि आनंदाने सगळ्या वाडीला जागं केलं. मी उभा राहिलो. केसांत पेंढा, गुडघ्यांना माती. आता अण्णा म्हणणार की तू मागोमाग आलास म्हणजे पत्रिका तूच आणलीस, आणि सगळं मुसळ केरात, अशी माझी खात्री झाली.

अण्णांनी मला पाहिलं. जराही नवल केलं नाही.

"गुणवंता, आलास? बरं झालं," ते म्हणाले. "हितं बस. तुला दावतो."

मी ओट्यावर बसलो. अण्णांनी पाकीट नखाने सावकाश उघडलं, तिकिटाला धक्का लागणार नाही असं. पत्रिका काढली, चष्मा लावला आणि माझ्याच मुलीची पत्रिका मला मोठ्याने वाचून दाखवू लागले. वरच्या 'नमो बुद्धाय'पासून खालच्या हॉलच्या पत्त्यापर्यंत, एक अक्षर न गाळता. निमंत्रकांत माझं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचत राहिले. ती पत्रिका मी स्वतः लिहिली होती, प्रूफ तपासलं होतं, तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा मी ऐकत होतो.

वाचून झाल्यावर त्यांनी ती घडी करून सदऱ्याच्या खिशात, छातीशी ठेवली.

"लग्नाला जायला पायजे बाबा," अण्णा म्हणाले. "पोस्टानं बोलावलंय. तू येतोस का माझ्याबरोबर?"

मी म्हणालो, येतो.